पोळी सोडली, गिरणीचं काय?

गव्हाची पोळी लाटता येते, ज्वारीची भाकरी थापावी लागते. भाकरी लाटायला गेलं तर कडा फाटतात आणि उचलायला गेलं तर तुकडे हातात येतात. कणीक मात्र लाटण्याखाली मुकाट्याने पसरते, जराशी मागे ओढली जाते आणि तव्यावर टम्म फुगली तरी फाटत नाही. दोन्ही पिठंच, दोन्हींत घातलेलं पाणीच. मग हा फरक येतो कुठून?

उत्तर घरीच मिळतं. कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या आणि पातेलीभर पाण्यात तो हलक्या हाताने चुरत धुवा. पाणी पांढरं होईल, ते ओतून नवं घ्या. चार-पाच पाणी झाली की पिठातलं पिष्ट निघून जातं आणि बोटांत एक करडा, चिवट, ओढला तर ताणला जाणारा लगदा उरतो. हेच ग्लूटेन. ज्वारीचा गोळा असाच धुतला तर तो पाण्यात विरून जातो, हाताला काहीच लागत नाही.

ग्लूटेन हे प्रथिन आहे. नेमकं सांगायचं तर ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन या दोन प्रथिनगटांची जोडी. पिठात पाणी पडलं आणि मळणं सुरू झालं की या दोघांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं तयार होतं. कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवायची ती हे जाळं सैलावून सारखं व्हावं म्हणून. पोळी तव्यावर पडली की आतल्या पाण्याची वाफ या जाळ्यात अडकते आणि पोळी फुगते. पावाची जाळी पडते तीही याच कारणाने. भाकरीच्या पिठात हे जाळं नसतं, म्हणून आपण गरम पाण्याने पीठ भिजवतो. उष्णतेने पिष्ट फुलतं, चिकट होतं आणि तात्पुरतं बांधणीचं काम करतं. पीठ जुनं होऊन विरी गेली की तेही होत नाही.

जव आणि राय या धान्यांत गव्हाच्या या प्रथिनांची सख्खी भावंडं असतात. आहारतज्ज्ञ ‘ग्लूटेन’ म्हणतात तेव्हा गहू, जव आणि राय तिन्ही धरतात.

सगळ्यांच्या पोटात न पचणारा तुकडा

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. जठरात आणि आतड्यात पाचकरस तिचे बारीक तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात शोषले जातात. ग्लूटेनच्या साखळीत मात्र प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल जागोजागी असतं आणि त्याच्या आसपास आपल्या पाचकरसांना साखळी तोडता येत नाही. ३३ अमिनो आम्लांचा असा एक तुकडा पचनाच्या सगळ्या टप्प्यांतून जवळजवळ अखंड बाहेर पडतो, हे २००२मध्ये प्रयोगांतून दिसलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा तुकडा तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच आतड्यात अखंड राहतो. बहुतेकांचं त्यामुळे काही बिघडत नाही. तो पुढे सरकतो आणि निघून जातो. ‘ग्लूटेन पचत नाही, म्हणून सर्वांनीच सोडावं’ हा प्रचार या अर्ध्या सत्यावर उभा आहे.

सिलिअॅक हा आजार असलेल्यांत गोष्ट पुढे जाते. ते तुकडे आतड्याच्या अस्तरामागे पोहोचतात. तिथे ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एक विकर त्यांच्यात किंचित रासायनिक फेरफार करतं. फेरफार झालेला तुकडा काही जणांच्या रोगप्रतिकारक पेशींवरच्या विशिष्ट खाचेत घट्ट बसतो. ती खाच असणं-नसणं जनुकांवर ठरतं. या जनुकांची नावं एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८. खाचेत बसलेला तुकडा पाहून शरीर शत्रू आल्याची हाकाटी करतं आणि हल्ल्यात आपलंच अस्तर जखमी होतं. त्यामुळे सिलिअॅक म्हणजे अॅलर्जीही नव्हे आणि अपचनही नव्हे. हा स्वयंप्रतिकार विकार आहे.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला लाखो सूक्ष्म उंचवटे असतात, टर्किश टॉवेलवर धाग्यांचे फासे असतात तसे. त्यांच्यामुळे अन्न टिपायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. सिलिअॅकमध्ये हे फासे झिजत जातात आणि टॉवेल गुळगुळीत होतो. मग समोरून जाणारं लोह, कॅल्शियम, फोलेट टिपलंच जात नाही. म्हणूनच या आजाराची लक्षणं फक्त पोटात दिसत नाहीत. कुणाला जुलाब आणि पोटफुगी असते, तर कुणाचं पोट अगदी शांत असतं पण लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही. एखाद्या मुलाची उंचीच वाढत नाही. कुणाची हाडं वयाआधी ठिसूळ होतात, कुणाच्या कोपरांवर-गुडघ्यांवर खाजरे फोड येतात.

ही जनुकं साधारण तीनातल्या एका माणसात सापडतात, आजार मात्र जगभरात शंभरातल्या एखाद्यालाच होतो. भारतात २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली होती. उत्तरेत सिलिअॅकचं प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत फक्त ०.१० टक्के निघालं. जनुकांचं प्रमाण तिन्हीकडे फारसं वेगळं नव्हतं. ताटातला गहू मात्र उत्तरेत कितीतरी जास्त होता.

दुष्काळात सुधारलेली मुलं

रोगाचं वर्णन जुनं आहे. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल जी यांनी १८८८मध्ये तो नेमका टिपला आणि पथ्यानेच तो बरा होईल, असा अंदाजही केला. कोणतं पथ्य, ते त्यांना सापडलं नाही. पुढे अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. त्यांना गुण येई, कारण केळी खाताना पाव सुटलेला असे. पण श्रेय केळ्यांना जाई.

गव्हावर बोट ठेवलं ते नेदरलंड्समधल्या द हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. १९३०च्या दशकापासून त्यांना पावाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, तिथे भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. बाकीची मुलं खंगत असताना सिलिअॅकच्या मुलांची तब्येत सुधारली. पाव परत आला तसा त्यांचा त्रासही परतला. डिके यांनी सहकाऱ्यांबरोबर वेगवेगळी धान्यं देऊन, मुलांच्या शौचातली न शोषलेली चरबी मोजून हे सिद्ध केलं आणि १९५०मध्ये प्रबंध लिहिला. तेव्हापासून आजपर्यंत या आजारावर खात्रीचा उपाय एकच आहे, ग्लूटेन सोडणं, तेही जन्मभर.

आधी तपासणी, मग पथ्य

पथ्याची सुरुवात गहू सोडून करू नका. हे वाक्य उलटं वाटेल, पण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. शेजारणीला गुण आला म्हणून कुणी दोन महिने गहू सोडतं, बरं वाटतं, मग डॉक्टरांकडे जातं. तोवर रक्तातली प्रतिपिंडं उतरलेली असतात, आतड्याचे फासे भरून यायला लागलेले असतात आणि तपासणी ‘सर्व ठीक’ सांगते. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे रोज गहू खावा लागतो. ज्याला खरंच सिलिअॅक आहे त्याच्यासाठी ते आठवडे वाईट जातात.

क्रम असा असतो: गहू चालू असतानाच रक्तातली ‘टीटीजी-आयजीए’ तपासणी, सोबत एकूण आयजीए, आणि गरज पडली तर दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा तुकडा काढून पाहणं. निदान पक्कं झालं की पथ्य.

गव्हाची अॅलर्जी हा निराळा प्रकार. त्यात खाल्ल्यावर मिनिटांत किंवा काही तासांत अंगावर पित्त उठतं, दम लागतो. तिसराही एक गट आहे. यांच्या तपासण्या कोऱ्या येतात, तरी गहू सोडला की पोटाला बरं वाटतं. यातल्या अनेकांना त्रास ग्लूटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टान या कर्बोदकाचा असतो आणि त्यांना चिमूटभर गव्हाची धास्ती घ्यायची गरज नसते. आपण कोणत्या गटातले, यावर स्वयंपाकघर किती उलटंपालटं करायचं ते ठरतं. नुसतं वजन उतरवायचं असेल तर पोळी सोडण्याऐवजी मोजून खाल्लेली बरी.

एकादशीचं ताट

निदान झाल्यावर बहुतेक जण मॉलमधल्या ‘ग्लूटेन-फ्री’ फळीकडे धावतात. महागडा पाव, पास्ता, बिस्किटं घेऊन येतात. मला हे अगदी अनाठायी वाटतं. ज्या देशांत न्याहारीपासून जेवणापर्यंत सगळं पावावर उभं आहे, तिथली ती गरज आहे. आपल्याकडे मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आहे, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी आहे. कोकणात घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी, उकडीचे मोदक, गोव्यात सान्नां. यांतल्या कशालाच गव्हाची गरज पडत नाही. पोहे, इडली, साधा डोसा, वरणभात, उसळी, पिठलं, मासे, अंडी, दूध-दही, फळं, सगळं चालतं. दिवाळीत शंकरपाळे, चिरोटे आणि करंज्या गेल्या तरी अनारसे आणि बेसनाचे लाडू राहतातच.

एकादशीला तर अख्खं घर नकळत ग्लूटेनमुक्त जेवत असतं. वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची पुरी, शिंगाड्याचा शिरा, यात गहू नाही. उपासाला हिंग वर्ज्य, म्हणून फोडणीतूनही तो येत नाही. फक्त साबुदाण्यावर दिवस काढू नयेत. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट.

आता फसवणारे पदार्थ. खपली गहू आरोग्याला चांगला म्हणून खपतो, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन असतंच. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुतेक घरांत मूठभर गहू भाजून घालतात. कुरडयांचा चीक गव्हाचा. नाचणी बिस्किटांचा पुडा उलटून पाहिला तर पहिला घटक बहुधा मैदाच निघतो. दुधात घालायच्या चॉकलेटी भुकट्यांत जवाचं माल्ट असतं, सोया सॉसमध्ये गहू असतो, बिअर जवाची असते. ओट्समधलं प्रथिन वेगळं असल्याने ते बऱ्याच जणांना सोसतं, पण शेतापासून कारखान्यापर्यंत त्यात गहू मिसळत असतो. पहिले काही महिने ते बाजूला ठेवलेले बरे.

> चौकट: पुड्यावर काय वाचायचं
>
> हे शब्द दिसले की पुडा परत ठेवा: गहू, आटा, मैदा, रवा, सूजी, सेमोलिना, दलिया, जव, बार्ली, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, राय, व्हीट प्रोटीन, मल्टिग्रेन.
>
> भारतात ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. २० ते १०० मिलिग्रॅम असेल तर तो ‘लो ग्लूटेन’. सिलिअॅकच्या रुग्णासाठी हा दुसरा शिक्का उपयोगाचा नाही.
>
> अॅलर्जीच्या सूचनेत गहू किंवा ग्लूटेनयुक्त धान्याचा उल्लेख पुड्यावर करावाच लागतो. सुट्या फरसाणाला, सुट्या मसाल्याला पुडाच नसतो, म्हणून ते टाळा.

हिंग आणि गिरणी: थोडा हिशेब

सिलिअॅकची चर्चा निघाली की कुणीतरी हिंगाचं नाव घेतंच. अफगाणिस्तान, इराण, मध्य आशियातून येणारा हिंगाचा डिंक इतका उग्र असतो की तो जसाच्या तसा वापरता येत नाही. हाथरससारख्या ठिकाणी त्यात मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि खायचा डिंक मिसळून आपल्या ओळखीचा ‘बांधानी’ हिंग तयार होतो. म्हणजे पोळी सोडलेल्या माणसाच्या आमटीत गहू असू शकतो, हे खरं.

पण किती? तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसतं, असं मानतात. म्हणजे एका पोळीचा अडीचशेवा भाग. इटलीत झालेल्या, २००७च्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याचं नुकसान दिसलं होतं. आता समजा, फोडणीत पाव ग्रॅम हिंग पडला आणि त्यात निम्मा मैदा होता. त्यातून ग्लूटेन आलं दहा-अकरा मिलिग्रॅम, तेही पातेलंभर आमटीत वाटलं गेलेलं. एका वाटीला त्याचा अंश येईल. तरी वरण, भाजी, ताक, लोणचं, पापड सगळीकडे हिंग असतोच, म्हणून तांदळाच्या पिठातला हिंग आणावा. डबी बदलली की विषय संपला.

गिरणीचा हिशेब मात्र वेगळा लागतो. दळण टाकलं तेव्हा आधी कुणाचा तरी गहू दळून झालेला असतो. जात्याच्या पाळ्यांत, पिठाच्या नळीत, खालच्या कापडी पिशवीत तो अडकलेला असतो आणि हवेत उडतच असतो. तुमच्या ज्वारीत शंभराला एक भाग गहू आला असं धरा. शंभर ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांत एक ग्रॅम गहू, म्हणजे ८०-९० मिलिग्रॅम ग्लूटेन. दिवसाच्या मर्यादेच्या आठ-नऊ पट, आणि तेही ‘पथ्याची भाकरी’ म्हणून खाल्लेलं. हिंगाची बदनामी मोठी, पण खरा गुन्हेगार हा.

बऱ्याच गिरण्यांत ज्वारी-बाजरीचं जातं वेगळं असतं. त्याने फरक पडतो, पण पीठ एकाच खोलीत उडतं. घरघंटी परवडत असेल तर पहिला खर्च तिच्यावर करावा आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. ते शक्य नसेल तर तांदूळ कुटून किंवा मिक्सरमध्ये दळून घ्या, किंवा ग्लूटेन-फ्री छापलेलं पीठ आणा. धान्य दळण्याआधी निवडाच. ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. मग धुऊन वाळवून घ्या.

ग्लूटेन म्हणजे जंतू नव्हे. उकळल्याने, तळल्याने ते मरत नाही. साबणपाण्याने घासल्यावर मात्र भांड्यावरून निघून जातं. म्हणून स्टीलच्या भांड्यांची चिंता नको. लाकडाच्या चिरांत पीठ बसतं, म्हणून पोळपाट-लाटणं आणि काठवट वेगळी हवी. चाळणी वेगळी हवी, कारण तिची जाळी कधीच पूर्ण साफ होत नाही. पोळ्यांचा तवा आणि भाकरीचा तवा वेगळा. पोळीला लावायची पिठी उडते, तेव्हा घरात दोन्ही होत असेल तर भाकरी आधी करून झाकून ठेवावी. पोळीचा तुकडा हातात धरून तुपाच्या बरणीत चमचा घालायची सवय सुटत नाही, म्हणून तुपाची आणि लोणच्याची लहान बरणी निराळी काढावी.

घासभर तरी घे

स्वयंपाकघर महिन्याभरात रुळतं. बाहेरचं जग रुळत नाही. वड्याचं आवरण बेसनाचं, पण तेल समोशाचं. मिसळीचा पाव नाकारता येतो, फरसाणात मैद्याची शेव आहे का हे विचारलं की गाडीवाला चमत्कारिक बघतो. तंदूर, रवा डोसा, दाट केलेली ग्रेव्ही, शेवयांची खीर, सगळीकडे गव्हाचा धोका. त्यापेक्षा उडप्याकडची इडली-चटणी सुरक्षित. सांबारात मात्र हिंग असतो.

सर्वांत अवघड ते सत्यनारायणाच्या शिऱ्याचं. प्रसाद नाकारणारा माणूस उद्धट ठरतो आणि ‘घासभराने काय होतंय’ हे प्रेमाने म्हटलं जातं. घासभर शिऱ्यात मर्यादेच्या कितीतरी पट ग्लूटेन असतं. घरच्यांनीच आधी सांगून खडीसाखर-खोबऱ्याचा प्रसाद बाजूला ठेवायला लावला तर रुग्णाला तोंड उघडावं लागत नाही. वसईच्या किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे हाच पेच कम्युनियनला येतो. चर्चच्या नियमानुसार होस्तिया, म्हणजे कम्युनियनची पातळ चकती, गव्हाचीच लागते, मात्र अत्यल्प ग्लूटेनची चालते. किंवा फक्त द्राक्षरस घेता येतो. फादरांशी आधी बोलावं.

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत शिक्षिकेला एकदा भेटून सांगा. वाढदिवसाला वर्गात केक येतो, त्या दिवसासाठी राजगिऱ्याची वडी किंवा चिक्की दप्तरात असू द्या.

पुढचे महिने

पथ्य नीट पाळलं तर जुलाब आणि पोटफुगी काही आठवड्यांत कमी होतात. फासे भरून यायला मुलांत काही महिने, मोठ्यांत एक-दोन वर्षंही लागतात. सुरुवातीला अनेकांना दूधही सोसत नाही, कारण दुधातली साखर पचवणारं विकर त्याच फाशांच्या टोकांवर तयार होतं. फासे आले की बहुतेकांचं दूध परत येतं. लोह, फोलेट, बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून कमी असेल ते भरून काढावं लागतं. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, म्हणून हाडांसाठी नाचणी कामाची. टीटीजी तपासणी सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने पुन्हा करतात. आकडा उतरत नसेल तर कुठून तरी गहू येतो आहे असं समजावं आणि गिरणीपासून शोध सुरू करावा.

एका व्यक्तीचं निदान झालं की आई-वडील, भावंडं आणि मुलं यांनीही रक्त तपासून घ्यावं. त्यांच्यातल्या साधारण दहापैकी एकाला हा आजार निघतो आणि पुष्कळदा कसलीही तक्रार नसताना निघतो. तोवर त्यांनी गहू खात राहावा. सगळ्यांचे अहवाल हातात आले की मग घरात एकच दळण आणायचं की दोन, ते ठरवता येईल.